पूर्णपणे वनस्पतींपासून एक शर्ट : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

या कामाच्या नोंदी आजपासून रीतसर ठेवत आहे. काम सांगायला सोपे आहे. एकच शर्ट शिवायचा, पण त्यात जे जे असेल ते सर्व वनस्पतींपासून आलेले असले पाहिजे. म्हणजे केवळ कापडच नव्हे, तर शिलाईचा धागा, कॉलर आणि कफांतील बक्रम (ताठपणासाठीचा आतील थर), बटणे, गळ्याच्या आतील पट्टी आणि रंगसुद्धा. धुलाई आणि रंगाईसाठी सोडा, चुना, तुरटी यांसारखी खनिज द्रव्ये वापरण्याची मुभा मी स्वतःला दिली आहे. प्लास्टिकला मात्र कोणत्याही रूपात जागा नाही.

या निश्चयामागे एक जुना शर्ट आहे. त्याच्या गळ्यात ‘१०० टक्के सुती’ अशी पट्टी होती आणि तो पार विरल्यावर मी तो पालापाचोळ्याच्या खताच्या ढिगात टाकला होता. वर्षभराने ढीग उपसला तेव्हा कापडाचा मागमूसही नव्हता, परंतु शिवणींचे दोरे जसेच्या तसे होते आणि गळ्यातील पट्टीवरची अक्षरे सहज वाचता येत होती. यात कोणी खोटे लिहिले होते असे नाही. कापडातील तंतूंची टक्केवारी सांगताना शिलाईचा धागा, बक्रम, कडेच्या पट्ट्या, खुणेच्या चिठ्ठ्या हे भाग हिशेबात धरले जात नाहीत. युरोपीय संघाच्या २०११ सालच्या १००७ क्रमांकाच्या नियमावलीत तर ते स्पष्टपणे वगळलेले आहेत. जे मोजलेच जात नाही, तेही वनस्पतीचे ठेवून रोजच्या वापरात टिकेल असा शर्ट शिवता येतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

११ जानेवारी

कापडाचे सहा नमुने जमवले आहेत: साधे सुती, जवसाच्या खोडापासूनचे लिनन, हेम्प (भांगेच्या जातीच्या रोपाच्या खोडाचे), ‘बांबूचे’ म्हणून मिळालेले मऊ कापड, लायोसेल (लाकडाचा लगदा विरघळवून केलेले) आणि ‘सुरकुत्या न पडणारे’ सुती. प्रत्येकाच्या ताण्यातून आणि बाण्यातून एकेक सूत ओढून ते चिमट्यात धरून जाळून पाहिले. सहाही सुते कागदासारखा वास देत सरळ जळली आणि मागे बोटाने पुसली जाईल अशी करडी राख राहिली. पॉलिएस्टर असते तर ते आधी आकसले असते, वितळून थेंब झाला असता आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी उरला असता. मात्र या परीक्षेची मर्यादाही नोंदवून ठेवते. सुती, लिनन आणि व्हिस्कोस (लगदा विरघळवून केलेला तंतू) हे तिन्ही सेल्युलोजच, म्हणजे वनस्पतींचे शरीर ज्याचे बनते ते द्रव्य, असल्यामुळे ज्वाळेला त्यांच्यात भेद करता येत नाही.

लिनन आणि हेम्प ओळखण्याची एक जुनी रीत आज प्रथमच करून पाहिली. सुतातून एकच तंतू सोडवायचा, तो ओला करायचा आणि मोकळे टोक आपल्याकडे राहील असा धरून ऊब लागेल तिथे वाळू द्यायचा. वाळताना जवसाचा तंतू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तर हेम्पचा उलट दिशेने. तंतूच्या भिंतीत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म दोऱ्या ज्या दिशेने गुंडाळलेल्या असतात, त्या दिशेचा हा परिणाम आहे. पहिले तीन प्रयत्न माझ्या श्वासानेच बिघडले. चौथ्या वेळी तोंडावर रुमाल बांधून बसले, तेव्हा जवसाचे ते केसभर टोक थबकत थबकत उजवीकडे वळताना स्पष्ट दिसले. ज्या रोपाला कापून, सडवून, कुटून, विंचरून सूत केले, त्याच्या वाढीची खूण त्या सुतात अजून शाबूत असते, हे डोळ्यांनी पाहण्याचा आनंद शब्दांत नेमका सांगता येत नाही.

१९ जानेवारी

आजचा सगळा वेळ ‘बांबूच्या’ कापडाचा निर्णय करण्यात गेला. हे कापड अतिशय मऊ आहे, त्याची घडण सुंदर आहे आणि मूळ द्रव्य वनस्पतीचेच आहे, त्यामुळे माझ्या नियमात ते अक्षरशः बसते. तरीही ते बाजूला ठेवले. बाजारात बांबूचे म्हणून विकले जाणारे जवळजवळ सर्व मऊ कापड हे व्हिस्कोस असते. ही पद्धत क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी १८९२ मध्ये शोधली. लाकडाचा किंवा बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, कार्बन डायसल्फाइडशी त्याचा संयोग घडवून दाट द्राव करतात आणि तो द्राव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की पुन्हा सेल्युलोजचा तंतू मिळतो. कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि कारखान्यांतील कामगारांनी त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. तयार तंतूत झाडाचे सेल्युलोज उरते, पण बांबूच्या तंतूची मूळ रचना उरत नाही. त्यामुळेच अमेरिकेत अशा कापडावर नुसते ‘बांबू’ असे न लिहिता ते रेयॉन (व्हिस्कोसचेच दुसरे नाव) असल्याचे सांगावे लागते.

लायोसेलची गोष्ट वेगळी आहे. त्यातही लगदा विरघळवला जातो, परंतु वापरलेले द्रावक बंद चक्रात फिरत राहते आणि त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक भाग परत मिळवता येतो. पुढच्या एखाद्या कामासाठी त्याचा विचार अवश्य करीन. या वेळी मात्र ज्याचा तंतू झाडातच तंतू म्हणून वाढलेला असतो असे कापड मला हवे आहे.

२८ जानेवारी

लिनन नक्की केले. दर चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचे, साध्या विणीचे, न विरंजलेले, गवताच्या वाळक्या काडीच्या रंगाचे. सुती कापड सहज मिळाले असते आणि शिवायलाही सोपे गेले असते, परंतु निवडीमागे तीन कारणे आहेत. एक म्हणजे लिनन ओले झाल्यावर कमजोर न होता उलट बळकट होते (हा गुण सुतीतही आहे, व्हिस्कोसची ताकद मात्र ओलेपणी जवळपास निम्म्याने घटते), त्यामुळे ते वर्षानुवर्षे धुणे सोसते. दुसरे म्हणजे २० अंश सेल्सियस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत लिनन आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के ओलावा धरून ठेवते. सुती कापड सुमारे ८ टक्के धरते आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घामेजलेल्या पाठीला कापड चिकटणार की नाही, हे बऱ्याच अंशी यावरच ठरते. तिसरे कारण भावनेचे आहे. जॉर्जिया देशातील झुद्झुआना गुहेत सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे जवसाचे तंतू सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील काही पिळलेले, काही रंगवलेलेही होते. माणसाने कातलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात सुतांपैकी ते एक आहे, आणि आपल्या हातातले कापड त्याच कुळातले आहे ही जाणीव मला कामात बळ देते.

आकसण्याची परीक्षा: कापडावर ५० सेंटिमीटरचा चौरस सुती दोऱ्याने आखून ते धुतले. पहिल्या धुण्यानंतर उभा धागा ४७.६ सेंटिमीटर आणि आडवा ४८.९ सेंटिमीटर भरला. दुसऱ्या धुण्यानंतर उभा ४७.२ झाला आणि तिसऱ्यानंतर काहीच बदलले नाही. मागावर ताणा घट्ट ओढलेला असतो. पाणी लागताच सूत फुगते, ताण सुटतो आणि लांबी घटते. उभ्यात साडेपाच टक्क्यांहून अधिक फरक म्हणजे शर्टाच्या लांबीत दोन-अडीच बोटे. न धुता बेतले असते तर सगळे काम वाया गेले असते.

५ फेब्रुवारी

पूर्ण कापड धुण्याच्या सोड्यासह एक तास मंद उकळले. पाणी फिकट चहासारखे आणि नंतर गडद तपकिरी झाले. ही तंतूंवरची पेक्टिने, मेणे आणि मागावरची खळ आहे. पाण्याचा थेंब टाकून पाहिला. सकाळी तो कापडावर मोत्यासारखा उभा राहत होता, संध्याकाळी टेकताच पसरला. रंग आत शिरेल याची खात्री पटली.

१४ फेब्रुवारी

बेतणे आणि कापणे. प्रथम नेहमीच्या पद्धतीचा, गोल मुंढ्याचा आराखडा कागदावर मांडला. ५३० ग्रॅम कापडातून ७९ ग्रॅमच्या चिंध्या निघणार होत्या, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. ज्या तंतूसाठी एका रोपाला मुळासकट उपटून, ओळीने दवात पसरून, सडण्याचा नेमका दिवस साधावा लागतो, त्याचा सातवा हिस्सा कात्रीखाली टाकून देणे मनाला पटेना. म्हणून आयताकृती तुकड्यांचा जुना बेत घेतला: पुढचा आणि मागचा भाग सरळ, बाह्या सरळ, आणि बगलेत हात वर करताना मोकळीक मिळावी म्हणून चौकोनी कळी. आता चिंध्या केवळ १९ ग्रॅम निघाल्या आणि त्यांतून कफांच्या आतील थर निघतील.

लिनन ताणत नाही. तुटण्यापूर्वी ते जेमतेम दोन-तीन टक्के लांबते. अंगासरशी बेतलेला लिननचा शर्ट पाठीत उसवतो किंवा फाटतो, म्हणून छातीला नेहमीपेक्षा आठ सेंटिमीटर अधिक घेर ठेवला. बळकट कापडाला जोराऐवजी मोकळी जागा द्यावी लागते, हे आज कापताना नीट उमगले.

२२ फेब्रुवारी

मोजले न जाणारे भाग आजच्या नोंदीत एकत्र घेत आहे.

बक्रम: इस्त्रीने चिकटणाऱ्या बक्रमावर बारीक ठिपके असतात आणि ते पॉलिअमाइडसारख्या वितळणाऱ्या प्लास्टिकचे असतात. त्याऐवजी जाडसर सुती कापडाचे दोन थर एकमेकांना आडव्या-उभ्या धाग्याने लावून, तिरप्या हातटाक्यांनी कॉलरमध्ये धरले. ताठपणा हवा असेल तेव्हा धुतल्यावर खळ द्यायची. कॉलर थोडी मऊ पडली, पण तिची घडी नैसर्गिक बसते.

बटणे: शिंपल्याची बटणे प्राण्यांची, म्हणून नियमात बसत नाहीत. दक्षिण अमेरिकेतील टाग्वा या ताडवर्गीय झाडाच्या बियांची, हस्तिदंतासारखी दिसणारी बटणे मला फार आवडली, परंतु रात्रभर पाण्यात ठेवल्यावर त्यांची चकाकी गेली आणि नखाने ओरखडा उमटू लागला. शेवटी नारळाच्या करवंटीची, लाखेचा किंवा अन्य कसलाच लेप नसलेली नऊ बटणे घेतली आणि त्यांवर जवसाचे तेल चोळले. हे तेल हवेत वाळून कठीण होते. ज्या वनस्पतीच्या खोडाचे कापड, तिच्याच बियांच्या तेलाने बटणे राखली गेली.

गळ्याची पट्टी: सुती फीत, त्यावर सुईने टाके घालून फक्त वर्ष आणि कापडाचे नाव.

धागा: ‘कॉटन’ असे रिळावर मोठ्या अक्षरांत छापलेला, पांढरा.

१ मार्च

शिवण पूर्ण झाली. ओव्हरलॉक (कडांवरून धाग्याची जाळी घालणारी शिलाई) टाळले, कारण त्यात धागा फार खर्च होतो आणि आतल्या कडा तरीही उघड्याच राहतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा घातल्या, त्यामुळे शर्ट उलटा केला तरी एकही कच्ची कड दिसत नाही. १४ नंबरची सुई, टाका अडीच मिलिमीटरचा. बगलेच्या कळीचे चार कोपरे सर्वांत अवघड गेले आणि त्यांतील एक दोनदा उसवावा लागला. धागा मात्र सबंध कामात एकदाही तुटला नाही आणि बॉबिनच्या घरात पिंजणही साचले नाही. सुती धागा इतका शहाण्यासारखा चालेल असे वाटले नव्हते. फार समाधान झाले.

४ मार्च

रंगाई. आधी मंजिष्ठेचे, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळाचे, चार नमुने करून पाहिले होते. असा रंग पक्का बसायला तुरटी लागते. लोकर आणि रेशीम ही प्रथिने असल्याने तुरटी लगेच धरतात, पण सेल्युलोजवर ती नीट टिकत नाही. म्हणून कापड आधी हिरड्याच्या काढ्यात, म्हणजे टॅनिनमध्ये मुरवून मग तुरटीत घालावे लागते. चार नमुन्यांपैकी दोन छान आले, दोन डागाळले. लोहाचा हात देऊन रंग गडद करण्याचा मोह टाळला, कारण लोह आणि टॅनिन मिळून कालांतराने सेल्युलोजचा तंतू ठिसूळ करतात.

शर्टासाठी नीळ घेतली, तिला तुरटीसारखे रंगबंधक (रंग धरून ठेवणारे द्रव्य) लागतच नाही. एक भाग नीळ, दोन भाग विझवलेला चुना आणि तीन भाग फळांची साखर असा हौद लावला होता. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. साखर आणि चुना मिळून तिचे रूप बदलतात, तेव्हा ती विरघळून तंतूत शिरते आणि बाहेर काढताच हवेतील प्राणवायूने पुन्हा न विरघळणारी होऊन आत अडकून बसते. सकाळी हौदावर तांब्याच्या रंगाची साय होती आणि ती बाजूला सारल्यावर खाली स्वच्छ पिवळट हिरवे पाणी दिसले. शर्ट ओला करून बुडवला, तीन मिनिटांनी हळूच उचलला. तो कोवळ्या पानाच्या रंगाचा होता आणि माझ्या हातातच कडांपासून निळा होत गेला. असे सहा वेळा केले. शिवणींच्या जाड भागात रंग थोडा फिका आहे, पण शिलाईचा धागाही कापडाइतकाच निळा झाला. पॉलिएस्टर नीळ धरत नाही, तेव्हा धागा खरोखर सुती असल्याची ही साक्षच मिळाली असे मी धरते.

६ मार्च

मातीची परीक्षा सुरू केली. ओलसर, गांडुळे असलेल्या मातीत १५ सेंटिमीटर खोल आठ पट्ट्या पुरल्या: सहाही मूळ नमुने, सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाची एक पट्टी तुलनेसाठी, आणि शर्टाच्याच कापडाची, त्याच धाग्याने शिवलेली, त्याच हौदात रंगवलेली एक पट्टी. जागेवर खुंट्या ठोकल्या आहेत.

२० मार्च

शर्ट दोन आठवडे अंगावर वागवला, तीनदा धुतला. सुरकुत्या भरपूर पडतात आणि त्या पडणारच. इस्त्री किंचित दमट असतानाच करावी लागते आणि कॉलरची घडी दर वेळी नेमक्या त्याच रेषेवर दाबायची नाही, कारण पुन्हा पुन्हा एकाच जागी मुडपलेला जवसाचा तंतू तिथेच तुटतो.

३ एप्रिल

चार आठवड्यांनी पट्ट्या अलगद उकरल्या. ‘बांबूची’ पट्टी सर्वांत आधी गेली, तिचे बोटाएवढे दोन तुकडे मिळाले. व्हिस्कोसमधील सेल्युलोज कमी स्फटिकमय असल्याने जिवाणूंना आणि बुरशीला ते लवकर पचते. साधे सुती चाळणीसारखे झाले आहे. लिनन आणि हेम्प काळवंडले आहेत, पण हातात धरता येतात. ‘सुरकुत्या न पडणारे’ सुती जवळजवळ अखंड आहे. त्यावर सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींशी जखडणारा राळेचा संस्कार केलेला असतो आणि तोच संस्कार कुजण्यालाही अडवतो. तंतू कोणता एवढे पाहून भागत नाही, त्यावर नंतर काय केले हेही विचारले पाहिजे, हे या पट्टीने शिकवले. सर्व पट्ट्या परत पुरल्या.

१ मे

आठ आठवडे पूर्ण झाले. मिश्र कापडाच्या पट्टीची पॉलिएस्टरची पारदर्शक जाळी उरली आहे, ते अपेक्षितच होते.

शर्टाच्या पट्टीची जागा उकरली तेव्हा निळे कापड जवळजवळ मातीत मिसळले होते, पण मातीत दोन समांतर पांढऱ्या रेषा दिसल्या. त्या माझ्या टिपा होत्या. धागा पाण्यात धुऊन भिंगाखाली धरला. वरचे निळे सुती आवरण नाहीसे झाले होते आणि आत केसाहून बारीक, चमकदार, सलग तंतूंचा जुडगा तसाच होता. टाक्यांची वळणेसुद्धा त्याने सोडली नव्हती. जाळून पाहिले. आकसला, वितळला, काळा मणी झाला.

हा गाभ्याचा धागा आहे. मध्ये पॉलिएस्टरचे सलग तंतू ठेवून त्यांच्याभोवती कापूस कातलेला असतो, म्हणून तो तुटत नाही, पिंजण सोडत नाही आणि रंगही घेतो. ज्यांच्याकडून रीळ घेतले त्यांना विचारले असता, बाहेरून कापूस असल्याने तो सुती म्हणूनच विकतात असे उत्तर मिळाले. या उत्तराने मला वाईट वाटले आणि रागही आला. पण चूक माझीही आहे. ११ जानेवारीला मी सहा कापडे जाळली, नंतर मिळालेला धागा जाळला नाही. १ मार्चला त्याच्या गुणांचे कौतुक लिहिले आणि ४ मार्चला त्याच्या रंगाला साक्ष मानले.

३ मे

तीन नवी रिळे आणली आणि तिन्हींचे तुकडे आधी जाळले, मग नखांनी पीळ उलगडून पाहिले. खऱ्या सुती धाग्याचा पीळ सोडला की तो आखूड तंतूंत सुटतो आणि हलक्या ओढीने विलग होतो. गाभ्याच्या धाग्यात मध्ये काहीतरी ताठ उरते. एक रीळ पुन्हा गाभ्याचेच निघाले. उरलेल्या दोहोंतून लांब तंतूच्या कापसाचा, मर्सराइज केलेला धागा घेतला. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये पेटंट घेतलेल्या या प्रक्रियेत कॉस्टिक सोड्याने कापसाचा चपटा तंतू फुगून गोल होतो. ती ताण देऊन केली की धागा चमकदार आणि अधिक बळकट होतो. तरीही तो पॉलिएस्टरइतका मजबूत नाही, म्हणून टाका दोन मिलिमीटरचा करणार आहे आणि बगलेच्या कोपऱ्यांवर हाताने आडवे टाके घालणार आहे. नमुन्यावर शिवताना तो दोनदा तुटला आणि बॉबिनचे घर पिंजणाने भरले. ते आनंदाने साफ केले.

९ मे

शर्ट उसवण्याचे काम चार दिवस चालले. दोन टिपांची शिवण कापडाला धक्का न लावता उसवायची तर दर तिसरा टाका कापून उलट बाजूने धागा ओढावा लागतो. काजे सर्वांत कठीण गेली. नऊपैकी एका काजाची कड फाटली आणि तिथे आतून चिंधीचा तुकडा लावला. निघालेला धागा गोळा करून वजन केले, तो ५ ग्रॅम भरला. त्याला खताच्या ढिगात जागा नाही, म्हणून काचेच्या बाटलीत घालून तिच्यावर तारीख लिहून ठेवला आहे.

नव्या धाग्याने शिवलेली पट्टी आज त्याच खुंटीपाशी पुरली. ती ४ जुलैला उकरायची आहे. कॉलर आणि दोन्ही खांदे शिवून झाले. धागा पांढरा असल्याने निळ्या कापडावर टिपा उठून दिसतात. बाह्या, कळ्या आणि कफ बाकी आहेत, ते झाले की शर्ट पुन्हा हौदात जाईल.